पाठीवरचं द्वार

नाव आधी लिहून ठेवतो. ॲक्सिओडिनियम ऑगस्टम. २०१५पर्यंत छापलेल्या कागदांत हीच जाती अपेक्टोडिनियम ऑगस्टम म्हणून भेटते आणि आजही अनेकजण तेच जुनं नाव चालवतात. आकार मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. वय सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षं. हाती येतं ते फक्त एक रिकामं, चपटं झालेलं, तपकिरी-पिवळं सेंद्रिय आवरण.

*

डायनोफ्लॅजेलेट म्हणजे पाण्यात तरंगणारे एकपेशीय जीव. पेशीला दोन कशाभिका असतात. एक कमरेभोवतीच्या आडव्या खाचेत फिरते, दुसरी पोटाकडच्या उभ्या खाचेतून मागे लोंबते. त्यामुळे जीव गिरक्या घेत पुढे सरकतो. पुष्कळ जातींच्या अंगावर सेल्युलोजच्या पट्टिकांचं कवच असतं. हे कवच समुद्रात फार काळ टिकत नाही, खडकात तर जवळजवळ नाहीच.

मग खडकात राहतं काय? काही जाती लैंगिक प्रजननानंतर एक विश्रांतीची अवस्था घेतात. त्या अवस्थेत पेशी स्वतःभोवती वेगळीच, अतिशय चिवट भिंत रचते. ही सिस्ट. तिच्या भिंतीतल्या पदार्थाला डायनोस्पोरिन म्हणतात. सिस्ट तळाशी बसते, गाळात काही काळ पडून राहते आणि परिस्थिती जुळली की आतली पेशी भिंतीत एक द्वार उघडून निघून जाते. आपल्याला सापडतं ते हे सोडून दिलेलं घर.

अशी टिकाऊ सिस्ट बनवणाऱ्या जाती आज हयात असलेल्या जातींपैकी साधारण १५ टक्केच. त्यामुळे खडकातली नोंद ही या समूहाची पूर्ण हजेरी कधीच नसते.

*

कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळसर चमकतात. त्यामागे बहुधा नॉक्टिल्युका असतो, तोही डायनोफ्लॅजेलेटच. त्याला पट्टिकांचं कवच नाही आणि खडकात उरेल अशी सिस्टही तो मागे ठेवत नाही. या समूहातला सगळ्यांत डोळ्यांत भरणारा जीव, आणि भूवैज्ञानिकासाठी त्याचा मागमूस नाही.

*

रचना, बाहेरून आत.

समोरून पाहिलं तर बाह्यरेषा पंचकोनी. प्रत्येक कोपऱ्यावर एक शिंग : एक डोक्यावर, दोन बाजूंना, दोन तळाशी. बाजूची शिंगं नेमकी कमरेच्या खाचेच्या पातळीवर येतात, म्हणजे सिस्टवर खाच दिसत नसली तरी ती कुठून जात असणार हे शिंगं सांगतात. ऑगस्टममध्ये ही शिंगं चांगली लांब ताणलेली, विशेषतः बाजूची. अपेक्टोडिनियमच्या इतर जातींपासून ती उठून दिसते ती याच ताणामुळे. अंगावर काटे. ते पट्टिकांच्या कडा धरून ओळीने येत नाहीत, विखुरलेले असतात. म्हणून काट्यांवरून मूळ पट्टिकांचा नकाशा काढता येत नाही.

भिंत दुहेरी. बाहेरची भिंत शिंगं आणि काटे घडवते. आतली भिंत गोलसर, शांत, आपल्यापुरती. भुईमुगाच्या शेंगेत दाणा असावा तशी आतली कुडी बाहेरच्या भिंतीत बसलेली असते. जवळच्या नात्यातल्या वेट्झेलिएला वंशात या दोन भिंतींमधली पोकळी ऐसपैस असते. अपेक्टोडिनियममध्ये ती अरुंद, मुख्यतः शिंगांच्या बुडाशी जाणवणारी.

पाठ-पोट अशा दिशेने सिस्ट मुळातच चपटी असते, गाळाच्या ओझ्याखाली आणखी चपटी होते. म्हणून स्लाइडवर ती जवळजवळ नेहमी पाठीवर किंवा पोटावर पडलेली सापडते. कुशीवर वळलेली क्वचित.

*

पाठ कुठली, पोट कुठलं? हे ठरवल्याशिवाय डावं-उजवं ठरत नाही आणि डावं-उजवं ठरवल्याशिवाय वर्णनाला अर्थ नाही.

खूण एकच भरवशाची : द्वार पाठीवर असतं. भिंत पारदर्शक असल्यामुळे सूक्ष्मदर्शकाचा फोकस वरून खाली नेत गेलं की द्वाराच्या कडा वरच्या पातळीत धारदार होतात की खालच्या, हे कळतं. वरच्या पातळीत स्पष्ट झाल्या तर पाठ आपल्याकडे आहे. जिवाची डावी बाजू तीच आपली डावी. खालच्या पातळीत स्पष्ट झाल्या तर आपण पोटाकडून पाहतोय आणि सगळं उलट वाचायचं. तळाच्या दोन शिंगांपैकी सहसा डावं लांब, उजवं आखूड. या दोन खुणा एकमेकींशी जुळल्या की मगच डाव्या-उजव्याची नोंद करावी.

छापील फोटोत हे करता येत नाही. फोटोला एकच पातळी असते. म्हणून चांगल्या वर्णनात एकाच सिस्टचे दोन-तीन फोटो वेगवेगळ्या फोकसला घेतलेले असतात. असे फोटो न देणारे शोधनिबंध पाहिले की मला मनापासून वाईट वाटतं, कारण पुढच्या वाचकाची पडताळणीची वाटच बंद होते.

*

द्वाराबद्दल सविस्तर.

शास्त्रीय नाव आर्किओपाइल. हा शब्द विल्यम एव्हिट यांनी १९६१मध्ये दिला. आर्किओपाइल म्हणजे भिंतीला गेलेला तडा नव्हे. ठरलेल्या जागी, ठरलेल्या आकाराचा तुकडा निघून तयार झालेलं ते उघडं तोंड. तो तुकडा म्हणजे त्याचं झाकण. झाकणाचा आकार मूळ कवचावरच्या एका किंवा अनेक पट्टिकांशी जुळतो.

पट्टिकांना क्रमांक देण्याची पद्धत चार्ल्स कोफॉइड यांची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. डोक्याकडून शेपटाकडे पट्टिकांच्या रांगा मोजायच्या, प्रत्येक रांगेला चिन्ह द्यायचं आणि रांगेतल्या पट्टिकेला आकडा. डोक्याजवळची रांग आणि कमरेच्या वरची रांग यांच्या मध्ये पाठीकडे काही पट्टिका बसवलेल्या असतात. त्यांतली मधली, म्हणजे या अंतर्वेशी रांगेतली २ क्रमांकाची, आपल्या सिस्टमध्ये उघडते. तिचे कोपरे चार. पेरिडिनियमच्या गोतावळ्यात इतरत्र हीच पट्टिका बहुधा सहाकोनी असते. चौकोनी पट्टिका २ आणि पाच शिंगांकडे झुकणारी बाह्यरेषा या जोडीवर वेट्झेलिएलॉइडी हे अख्खं उपकुल उभं आहे.

दोन भिंती असल्यामुळे द्वारही दोन : बाहेरच्या भिंतीचं आणि आतल्या भिंतीचं, एकावर एक. झाकण कधी पूर्ण सुटून हरवतं, कधी एका कडेने चिकटून राहतं, कधी सिस्टच्या आतच घरंगळलेलं दिसतं.

काटे नकाशा देत नाहीत, खाच दिसत नाही. तेव्हा ऑगस्टमच्या अंगावरची खात्रीने ओळखता येणारी पट्टिका बहुतेकदा एवढी एकच, आणि तीही अनुपस्थितीच्या रूपाने. मला या विषयात सगळ्यांत ओढणारी गोष्ट हीच. जीव कोण होता, हे तो बाहेर कुठून पडला यावरून ओळखायचं.

*

ही ओळख पटायला सव्वाशे वर्षं लागली.

१८३०च्या दशकात बर्लिनच्या ख्रिस्तियान एरेनबर्ग यांनी चकमकीच्या दगडाचे पातळ तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांना त्यात पट्टिका दिसणारी काही रूपं सापडली. ती त्यांनी बरोबर डायनोफ्लॅजेलेटमध्ये ठेवली. त्याच दगडात काटेरी गोल रूपंही होती. ती त्यांनी झँथिडियम या गोड्या पाण्यातल्या शैवालाच्या नावाखाली घातली. एकाच दगडात एकाच समूहाची दोन रूपं, आणि ती दोन घरांत गेली. इंग्लंडमध्ये इग्वानोडॉनमुळे प्रसिद्ध असलेले डॉक्टर गिडिअन मँटेल यांनी १८५०मध्ये काटेरी रूपांना स्पिनिफेराइट्स हे नाव दिलं. ते आजही चालतं. १९३३मध्ये ऑटो वेट्झेल यांनी काटेरी रूपांचं स्वतंत्र कुल केलं. मग सगळे त्यांना हिस्ट्रिकोस्फिअर म्हणू लागले आणि ती नेमकी कुणाची अंडी, कुणाचे बीजाणू, यावर तर्क चालू राहिले.

एव्हिटनी विचारलेला प्रश्न साधा होता : या काटेरी गोळ्यांत एकाच जागी, एकाच आकाराचं भोक का पडतं? भोकाचा आकार डायनोफ्लॅजेलेटच्या पट्टिकेशी जुळतो, काट्यांची मांडणीही पुष्कळदा पट्टिकांप्रमाणे आहे, तेव्हा ही त्यांचीच सिस्ट. पुढे वुड्स होलमध्ये डेव्हिड वॉल आणि बॅरी डेल यांनी आजच्या समुद्रातल्या गाळातून जिवंत सिस्ट वेगळ्या काढून उबवल्या. त्यांतून पोहणाऱ्या पेशी बाहेर आल्या आणि वाद मिटला. ज्यांची ओळख पटली नाही, त्या उरलेल्या रूपांना एव्हिटनी १९६३मध्ये ॲक्रिटार्क ही वेगळी कोठडी करून दिली. न कळलेल्या गोष्टींसाठी प्रामाणिकपणे वेगळी जागा ठेवणं, ही मला या विद्याशाखेची मोठी देणगी वाटते.

*

वंशावळ, आज मानतात तशी : गण पेरिडिनिएलीझ, कुल पेरिडिनिएसी, उपकुल वेट्झेलिएलॉइडी. उपकुलाला नाव देणारा वेट्झेलिएला हा वंश आल्फ्रेड आयझेनाक यांनी १९३८मध्ये स्थापला, बाल्टिक अंबर असलेल्या थरांतल्या फॉस्फोराइटच्या गाठींवरून. नियम वनस्पतींच्या संहितेचे. प्राणिशास्त्राची संहिता इथे लावत नाहीत.

*

ऑगस्टमच्या जन्मदाखल्यावर लखनौ आहे, हे फार कमी लोकांच्या लक्षात असतं.

चौथी आंतरराष्ट्रीय परागविज्ञान परिषद लखनौला १९७६-७७च्या हिवाळ्यात झाली. तिच्या कार्यवृत्ताच्या दुसऱ्या खंडात, १९७९मध्ये, ब्रिटिश भूवैज्ञानिक रेक्स हारलँड यांचा वायव्य युरोपातल्या होमोमॉर्फम समूहावरचा लेख आहे. ऑगस्टम ही जाती त्यात पहिल्यांदा वर्णिली गेली. नमुने उत्तर समुद्राच्या परिसरातले, छपाई गोमतीकाठची. त्यामुळे जगभरात कुठेही या जातीचं नाव पूर्ण लिहिताना संदर्भ लखनौच्या खंडाचा द्यावा लागतो.

त्या लेखात अपेक्टोडिनियम हा वेट्झेलिएलाचा उपवंश आहे आणि जातीचं नाव ऑगस्टा असं स्त्रीलिंगी. उपवंश म्हणून त्याची मांडणी लुसी कोस्टा आणि चार्ल्स डाउनी यांनी १९७६मध्ये केली होती. १९७७मध्ये ज्युडिथ लेंटिन आणि ग्रॅहॅम विल्यम्स यांनी उपवंशाला वंशाचा दर्जा दिला आणि १९८१मध्ये ऑगस्टाही तिथे हलली, नपुंसकलिंगी होऊन. तेव्हापासून २०१५पर्यंत ती अपेक्टोडिनियम ऑगस्टम.

*

हारलँडनी वापरलेला ‘समूह’ हा शब्द नीट वाचायला हवा. त्यांना वेगवेगळ्या, सुट्या जाती सापडल्या नव्हत्या. सापडली होती रूपांची एक सलग पट्टी.

एका टोकाला होमोमॉर्फम : गोलसर, शिंगं जवळपास नाहीतच, अंगभर काटे. ही जाती जॉर्ज देफ्लांद्र आणि इझाबेल कुकसन यांनी १९५५मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नमुन्यांवरून सांगितली. दुसऱ्या टोकाला ऑगस्टम, ताणलेल्या शिंगांची. मध्ये पार्वम, क्विन्क्वेलॅटम, पॅनिक्युलॅटम, हायपरॅकॅन्थम. आणि यांच्याही मध्ये, कुठल्याच नावात न बसणारी कितीतरी रूपं.

रेषा कुठे ओढायची? वर्णनांत ‘शिंगं ठळक’, ‘शिंगं मध्यम’ असे शब्द असतात. दोन अभ्यासकांचं मध्यम एक नसतं. शिंगाची लांबी आणि अंगाची रुंदी यांचं गुणोत्तर मोजून टाकणं बरं. पण चपट्या, घडी पडलेल्या सिस्टमध्ये तेही डळमळतं. हयात नातेवाईक असता तर एका पेशीच्या संततीत किती फरक पडतो हे पाहता आलं असतं. वेट्झेलिएलॉइडींचा एकही वंशज आज नाही. सबंध उपकुल ऑलिगोसीन संपता संपता संपलं.

*

२०१५चा फेरविचार. ग्रॅहॅम विल्यम्स, साराह दमासा, रॉबर्ट फेन्सम आणि राकेल गेर्स्टाइन यांनी सबंध उपकुल नव्याने लावलं. आधाराला घेतलं ते द्वार : त्याची उंची-रुंदी, कडा, कोपरे, झाकण सुटतं की चिकटून राहतं. भिंतीवरची नक्षी आणि काटे वेगवेगळ्या शाखांत पुन्हापुन्हा सारखेच उगवू शकतात. द्वाराचा आराखडा इतक्या सहज बदलत नाही, असा त्यामागचा विचार. बरेच नवे वंश झाले. त्यांतल्या ॲक्सिओडिनियममध्ये ऑगस्टम गेली आणि होमोमॉर्फम मागे, अपेक्टोडिनियममध्ये राहिली. सलग पट्टीची दोन टोकं आता दोन वंशांत आहेत.

२०१७मध्ये पीटर बाइल, हेंक ब्रिंकहुइस आणि सहकाऱ्यांनी, २०१५चा लेख छापणाऱ्या नियतकालिकातच, हरकत नोंदवली. म्हणणं थोडक्यात असं की एकाच अवयवाच्या आकाराला एवढं वजन दिलं तर बाकी सगळ्या अंगांनी जवळ असलेली रूपं तुटतात, आणि द्वाराच्या मापांतही सलगपणा आहेच.

माझं मत हरकत घेणाऱ्यांच्या बाजूला झुकतं, पण पूर्णपणे नाही. द्वाराकडे इतक्या बारकाईने पाहायला २०१५च्या लेखानेच भाग पाडलं. त्याआधीच्या पुष्कळ वर्णनांत ‘द्वार चौकोनी’ एवढ्यावर भागवलेलं आहे. मात्र ज्या सिस्टमध्ये द्वार घडीत दडलंय किंवा फाटलंय, तिला नव्या पद्धतीत वंशच मिळत नाही. आणि अशा सिस्ट प्रत्येक स्लाइडवर असतात. जुन्या पद्धतीत शिंगांवरून निदान अपेक्टोडिनियमपर्यंत पोचता येत होतं.

*

खडकातून काढण्याची रीत कठोर आहे. आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने चुनखडीचा अंश घालवायचा, मग हायड्रोफ्लोरिक आम्लाने वाळू-मातीची सिलिकेटं विरघळवायची. हे दुसरं आम्ल काच खातं, हाडापर्यंत पोचतं. ते हाताळायला वेगळी खोली आणि वेगळी शिस्त लागते. इतकं सगळं विरघळून उरतं ते चिवट सेंद्रिय द्रव्य. बारीक जाळीतून गाळायचं, ग्लिसरिन जेलीत बसवायचं.

*

जातीचं नाव ज्या नमुन्याला बांधलेलं असतं तो होलोटाइप. इथे तो म्हणजे एका स्लाइडवरची एकच सिस्ट. तिची जागा इंग्लंड फाइंडर नावाच्या कोरलेल्या काचपट्टीवरच्या अक्षर-आकड्यांनी नोंदवतात, म्हणजे दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकावरही ती शोधता यावी. जीवाश्म वनस्पती-शैवालांच्या नव्या नावासोबत चित्र हवंच, हा नियम १९१२पासूनचा. जेली सुकते, आकसते, बुडबुडे शिरतात. स्लाइड बिघडली की नावाचा भार त्या चित्रावर येतो.

*

आता एवढ्या बारीक सिस्टची एवढी चौकशी का, ते.

५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, पॅलिओसीन संपून इओसीन सुरू होताना, हवेत आणि समुद्रात अल्पावधीत प्रचंड कार्बन आला आणि पृथ्वीचं सरासरी तापमान ५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक वाढलं. या घटनेची नोंद जेम्स केनेट आणि लोवेल स्टॉट यांनी १९९१मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रतळाच्या गाळात दाखवली. उष्णतेचा हा काळ पावणेदोन-दोन लाख वर्षं चालला. दख्खनचा लाव्हा त्याच्याही साधारण १ कोटी वर्षं आधीचा.

अपेक्टोडिनियम हे उष्ण पाण्याचे. या काळात ते दोन्ही गोलार्धांत ध्रुवांकडे पसरले आणि किनाऱ्याजवळच्या गाळात त्यांची संख्या अफाट वाढली. न्यूझीलंडमध्ये सापडले, ऑस्ट्रियात सापडले. ईशान्य भारतातल्या थरांतही त्यांची गर्दी नोंदलेली आहे. तो प्रदेश तेव्हा विषुववृत्ताच्या आसपास होता. आणि २००४मध्ये उत्तर ध्रुवापासून सुमारे २५० किलोमीटरवर, लोमोनोसोव्ह डोंगरधारेवर घेतलेल्या वेधनात, समुद्रतळाखाली जवळपास ४०० मीटरवर, ऑगस्टम मिळाली. त्याच गाळातल्या रासायनिक खुणांवरून तिथल्या पाण्याचं तापमान १८ अंशांवरून २३च्या वर गेलेलं दिसतं. उत्तर ध्रुवाशेजारी, २३ अंश.

*

वायव्य युरोपात ऑगस्टमचा आवाका जवळजवळ या उष्णतेच्या काळापुरताच आहे. त्यामुळे उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींत ती दिसली की आपण कुठल्या थरात आहोत हे कळतं. स्तरविभागणीत तिच्या नावाचा पट्टाच आहे.

विहिरीतल्या कामाची एक खुबी लिहून ठेवण्यासारखी. वेधन वरून खाली जातं आणि वरच्या थरांतला चुरा खाली पडत राहतो. म्हणून एखादी जाती खाली कुठवर दिसते यावर विश्वास ठेवता येत नाही. वरून येताना ती पहिल्यांदा कुठे दिसली ही पातळी धरायची. म्हणजे भूशास्त्रीय काळात ती शेवटची कुठे होती, ते. जातीचा अंत आधी नोंदला जातो.

*

न्यू जर्सीच्या वेधनांत आणखी एक गोष्ट दिसली, २००७मध्ये प्रसिद्ध झालेली : कार्बनच्या समस्थानिकांत बदल दिसण्याच्या काही हजार वर्षं आधीच अपेक्टोडिनियमची वाढ सुरू झालेली आहे. म्हणजे समुद्र आधीच बदलू लागला होता आणि कार्बनचा मोठा लोट नंतर आला, निदान त्या किनाऱ्यावर. ऊब आधी की कार्बन आधी, या प्रश्नात काटेरी सिस्टची साक्ष रसायनाच्या बरोबरीने घ्यावी लागते.

*

खात काय होते? आजच्या प्रोटोपेरिडिनियमसारखे परपोषी, इतर सूक्ष्म जीव खाणारे, असं बहुतेकजण मानतात. नदीतून भरपूर पोषकद्रव्यं आली, खाद्य वाढलं, खाणारे वाढले, अशी मांडणी होते. आधार मुख्यतः आकाराच्या साधर्म्याचा. काहींच्या मते ऊब आणि कमी क्षारता सोसण्याची ताकद एवढंच कारण पुरेसं आहे. मला दुसरं म्हणणं जास्त सावध वाटतं.

*

मोजणीचा प्रश्न. एका स्लाइडवर तीनशे सिस्ट मोजायच्या म्हटल्या तर मधल्या रूपांचं काय? अनेक अभ्यासक सगळ्यांची मिळून एकच बेरीज देतात आणि ऑगस्टम तेवढी वेगळी दाखवतात, कारण तिच्यावर काळ ठरतो. पर्यावरणाच्या प्रश्नाला ही बेरीज पुरते. वर्गीकरणाच्या प्रश्नाला ती काहीच देत नाही. उलट ज्या मधल्या रूपांवर दोन वंशांची सीमा तपासता आली असती, तीच बेरजेत बुडतात.

त्यापेक्षा तक्त्यात चार रकाने असावेत. खात्रीची ऑगस्टम, खात्रीची होमोमॉर्फम, द्वार स्पष्ट पण शिंगं मधली, आणि द्वार न दिसणारी. तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक सिस्टचा फाइंडरवरचा पत्ता शेजारी लिहायचा.